डॉक्टरनं पंजे दाखवले आणि मी थांबलो

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी बोलताना मधे कोणी हसलेलं मला चालत नाही. काय सांगू, जुनवानीत, स्वतःच्या घरात, भर दुपारी माझा पुतळा झाला होता!

कोरोनाचे दिवस. माझा उजवा हात थोडा कापायचा. थोडाच! चहा बशीत सांडायचा, पण बशी असते कशाला? घरवालीनं मात्र स्कूटरची चावी लपवली.

"डॉक्टरनं हात चांगला म्हटला तरच चावी भेटन. नाही तर रंजू चालवन, तुम्ही मागं बसा."

रंजू म्हणजे आमची सून, मला मामाजी म्हणते. तिच्या मागे बसायचं? मी?

दवाखान्यात जायची सोय नव्हती. मेंदूचे डॉक्टर मोबाइलवरच तपासत. रंजूनं मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला. डॉक्टर दिसले आणि आवाज गेला.

"मामाजी, आवाज नाही येऊन राहिला."

"आवाज कायले पाहिजे? तीस वर्षं क्रेनखाली उभा होतो मी. तिथं कोणाले काय ऐकू येत होतं?"

खोटं नाही. पोलाद कारखान्यात क्रेनवाला वर, मी खाली. सगळं बोलणं हातानं. बोट वर म्हणजे उचल. दोन्ही पंजे पुढे म्हणजे एमर्जन्सी स्टॉप! मग ज्यानं थांबवलं तो सोडेपर्यंत कोणी हलायचं नाही. हललेल्यांना मी कारखानाभर ऐकवलं आहे.

डॉक्टरनं नाकाला बोट लावलं. मीही लावलं. मूठ उघडली, मिटली. मीही तसंच केलं. मग त्यानं दोन्ही हात समोर केले. पंजे सरळ माझ्याकडे.

मी थांबलो. हात मांडीवर, मान ताठ, नजर समोर.

"मामाजी, तसेच हात करा न!"

मी हललो नाही.

"मामाजी? सासूबाई, या लवकर!"

घरवाली धावत आली. "अजी! बोला न काही!"

कसा बोलणार? बोलणं म्हणजे हलणंच की!

"अवो माय, यायले लकवा मारला!" म्हणत तिनं तांब्याभर पाणी माझ्या तोंडावर फेकलं. मी पापणी मिटली नाही. शेजारचे साहूजी मास्क लावून फाटकातूनच ओरडले, "प्याज सुंघाओ!" घरवालीनं कांदा फोडून नाकाशी धरला. डोळ्यांतून धारा लागल्या. तरी हललो नाही. समोर डॉक्टरचे पंजे तसेच होते. मनात म्हटलं, माणूस शिस्तीचा आहे!

तेवढ्यात आवाज आला.

"वीडियो हैंग हो गया क्या? दादाजी हिल ही नहीं रहे।" मग डॉक्टर जरा पुढे झुकले. "नहीं, हैंग नहीं है। दादाजी का दाहिना हाथ हिल रहा है। बस, यही देखना था।"

मी खाली पाहिलं. पाण्यानं भिजलेलं, कांद्यानं रडवलेलं सगळं अंग माझ्या हुकमात होतं. एकटा उजवा हात मांडीवर थरथरत होता. ज्या हातानं मी तीस वर्षं क्रेन थांबवली, तोच थांबेना!

औषध सुरू झालं. हात आता बराच शांत आहे. चावी रंजूकडे आहे आणि मी मागे बसतो.

हे एक वेळ सोसलं असतं. पण आता मी घरात आवाज चढवला की घरवाली वाद घालत नाही. दोन्ही पंजे पुढे करते आणि शेजारी गप्पा मारायला निघून जाते.

सोडायला विसरते. परवा माझं जेवण दुपारी चारला झालं.