कुणाची हरकत?

२००७ साली कॅनडाच्या प्रेअरीतल्या एका विद्यापीठाने मृणालिनीताईंना निवृत्तीनंतर नियामक मंडळावर घेतलं, आणि त्या पहिल्याच मीटिंगला येऊन बसल्या. भिंतीवर शंभर वर्षांपूर्वीच्या पहिल्या मंडळाचा फोटो होता. त्या मिशाळ बुवांनी घालून दिलेली रीत अजून चालू होती. अध्यक्षांनी विचारायचं, "कुणाची हरकत?" कुणी बोललं नाही की टेबलावर टकटक, झाला ठराव पास! त्या काळी एका प्राध्यापकाची नोकरी अशीच, चहा निवायच्या आत गेली होती म्हणे.

आज सफाईवाल्या बायकांचा नंबर होता. त्यांना काढून काम कंत्राटदाराला द्यायचं होतं.

"कुणाची हरकत?"

ताईंना लग्नाआधीचा एक दिवस आठवला. नागपूरला, बघायला आलेल्या मंडळींसमोर काकांनी असंच विचारलं होतं, "पोरीची काही हरकत?" ताईंनी मान खाली घातली होती. मेल्यांनी तोच होकार धरला, आणि त्या थेट या बर्फात येऊन पडल्या.

टकटक करायला अध्यक्षांनी हात उचलला. ताई उभ्या राहिल्या.

"माझी आहे."

सगळ्या माना वळल्या. पुढे काय बोलायचं, ते त्यांना आजवर कुणी शिकवलंच नव्हतं.