झेंडीवाल्याचा सरळ डोळा

"उतरवा त्या चकन्याले! उतरवा म्हनतो ना छकड्यावरून! बैलायले नजर लावून राहिला थो!"

मुनशी असा ओरडला की धाव संपवून उभे राहिलेले माझे बैल पुन्हा पळायच्या बेतात आले. शंकरपट होता. धान खळ्यातून घरात आलं की आमच्याकडे बैलांच्या शर्यती लागतात. दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात आणि धाव संपते तिथं लाल झेंडी घेऊन एक माणूस उभा असतो. तो सांगेल ती जोडी जिंकली. त्याला म्हणायचं झेंडीमुनशी. सडक अर्जुनीच्या आसपास कुठंही पट भरो, मुनशी हाच. उंच, गोरा, मिशीला तेल, आणि डोळे असे सरळ की जणू गवंड्यानं ओळंबा लावून बसवलेले.

माझी जोडी पुढं होती. किती पुढं? त्या दिवशी मी वशिंडभर म्हणालो होतो. आज विचाराल तर मधून एक लग्नाची वरात गेली असती म्हणेन. मुनशीनं झेंडी दुसऱ्या जोडीकडं पाडली. वर पंचांना म्हणाला, "हाकनाराच चकना असन तं बैल सरळ कसे जातीन? पुढच्या साली हा बसला तं मी झेंडी धरत नाई. सांगून ठेवतो."

"याचा एक डोरा अर्जुनीले जाते, दुसरा कोहमाऱ्याले!" मागून कोणीतरी म्हणालं. हजार माणूस हसलं. दोन हजार असेल. त्यात माझी बायको होती. तीही हसली, हे मी अजून विसरलेलो नाही.

पंचांनी माना डोलावल्या आणि माझं छकड्यावर बसणं बंद झालं. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. ज्याला त्याला काही ना काही मिळत होतं, माझं एकच होतं तेवढं गेलं.

माझा डावा डोळा लहानपणापासून नाकाकडं वळलेला. आई म्हणायची, पाळण्याच्या उशाशी दिवा ठेवला म्हणून. आत्या म्हणायची, अंगावर पाल पडली म्हणून. मला त्याचा त्रास असा काही वाटायचा नाही. फक्त लोटा तांब्यात ओतायला गेलो की धार बाहेर पडायची. कोणी धानाची पेंढी फेकली तर माझे हात तिच्याआधी मिटायचे आणि पेंढी तोंडावर यायची. भाताच्या बांधीचा धुरा, म्हणजे बांध, ओलांडताना पाय वीतभर अलीकडंच टेकायचा. चिखलात मी इतक्यांदा पडलो आहे की तिथल्या बेडकांनी मला सोयरा मानला होता. पण छकड्यावर बसलो, बैल सुटले, की सगळं जागच्या जागी यायचं. तिथं कधी चुकलो नाही.

सूड घ्यायचं ठरवलं. सकाळी सकाळी चकण्याचं तोंड पाहिलं की दिवस वाया जातो, असं मुनशी स्वतःच लोकांना सांगायचा. मग काय, रोज कोंबडं आरवलं की मी त्याच्या दारासमोर हजर. तो बिडी पेटवत बाहेर यायचा आणि समोर मी, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

"काऊन उभा आहेस गा इथं?"

"तुमच्या दर्शनाले, मुनशीजी."

आठ दिवसांनी तो मागच्या दारानं निघू लागला. मी मागच्या दारी गेलो. त्या वर्षी त्याची म्हैस आटली, सून माहेरी गेली, खाटेचा पाय मोडला. सगळ्याचं श्रेय मी घेतलं.

पण छकडा काही मिळेना. शेवटी डोळाच सरळ करून आणू म्हणून गोंदियाला गेलो. तिथला डॉक्टर हिंदीतच बोलायचा. त्यानं माझा डावा डोळा पुठ्ठ्यानं झाकला. समोरची पाटी झकास दिसली. मग उजवा झाकला.

"अब?"

"डाक्टरसाहेब, धुवाँ है."

डॉक्टर हसला नाही. त्यानं सांगितलं ते माझ्या बोलीत असं: दोन डोळे दोन दिशांना पाहतात, दोन चित्रं आत पाठवतात. दोन्ही मानली तर मला एका बैलाचे दोन दिसले असते. लहानपणी डोक्यानं ही कटकट मिटवली, वळलेल्या डोळ्याचं ऐकणंच सोडलं. डोळा शाबूत, पण त्याला कोणी विचारत नाही, म्हणून त्याला पाहणं आलंच नाही. दोन्ही डोळे मिळून पाहतात तेव्हा जवळ-लांबचा अंदाज लागतो. तो मला लागत नाही, म्हणून लोटा बाहेर सांडतो. लहान असताना चांगला डोळा झाकून ठेवला असता तर दुसरा कामाला लागला असता. आता चिरून सरळ करता येईल, पण तो दिसायला लागेलच असं नाही.

"और सुनो," डॉक्टर म्हणाला, "कइयों की आँख सीधी रहती है, फिर भी एक सोई रहती है. उनको पता ही नहीं रहता."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे इतके साल त्या डोर्‍यात मी धुवाँच होती का?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुनशीच्या मागच्या दारी नेहमीसारखा उभा होतो. तो बाहेर आला. बिडी ओठात, काडी पेटवली, आणि काडी बिडीच्या बोटभर अलीकडंच धरली. पुन्हा धरली. तिसऱ्यांदा बिडी पेटली. वर्षभर हे मी रोज पाहत होतो आणि माझ्या भीतीनं हात कापतो असं समजून खूश होत होतो. त्या सकाळी मला माझा लोटा आठवला.

मी कोणाला बोललो नाही. पुढच्या पटापर्यंत ते गुपित गुळाच्या खड्यासारखं गालात धरून ठेवलं.

पटाच्या दिवशी पहिल्या जोड्या जुंपल्या गेल्या तसा मी खांद्यावरचा दुपट्टा हातात घेऊन मुनशीसमोर गेलो. पंच तिथंच होते.

"मुनशीजी, माही बंदी कबूल. मरेपर्यंत कबूल. सरळ डोर्‍याच्या मानसानं एवढंच करून दाखवाचं. एकेक डोरा झाका आन् तिकडच्या टोकाले कोनते बैल उभे आहेत ते सांगा."

"कायले?"

"भेव लागते का?"

पब्लिक सरकून जवळ आलं. मुनशीनं दुपट्टा हिसकला, डावा डोळा झाकला आणि धडाधड सांगितलं: एक पांढरी जोडी, एक कबरी, कबऱ्याचं डावं शिंग मोडकं. टाळ्या पडल्या. मग त्यानं उजवा झाकला.

दुपट्टा काढला, पुन्हा लावला. मी दहा पावलांवर जाऊन बोटं दाखवली. "किती?" तो म्हणाला, "चार." मी एक दाखवलं होतं, आणि ते कोणतं ते इथं लिहीत नाही.

पब्लिकनं जे हसायला सुरुवात केली ते चिचगडच्या जंगलात ऐकू गेलं असेल. "माहा तिरपा तं तिरपा," मी ओरडलो, "सगळ्यायले दिसते तरी! तुमचा उभ्या उभ्या झोपला आन् तुमालेच पत्ता नाई!" वर्षभराचं सगळं त्याच्या तोंडावर ओतलं. एक धार बाहेर पडू दिली नाही.

मुनशी डाव्या डोळ्यावर हात ठेवून उभा होता. तेल लावलेली मिशी हलत होती. मला थांबता आलं असतं. मी थांबलो नाही.

"आता सांगा, मुनशीजी, साऱ्यायच्या समोर. मागच्या साली कोनाची जोडी पुढं होती?"

त्यानं दुपट्टा माझ्या खांद्यावर टाकला आणि खाली पडलेली झेंडी उचलली. पहिल्यांदा हात चुकला, दुसऱ्यांदा लागली. मग चांगला डोळा माझ्यावर ठेवून म्हणाला,

"तुही मागंच होती. जाय, बस छकड्यावर. उशीर होऊन राहिला."