सोबत नेलेलं लेकरू

आमचा मुलगा चालायला शिकला असं मी कधी म्हणू शकत नाही. तो एकदम पळायलाच लागला. दहाव्या महिन्यात भिंत धरून उभा राहिला, दोन दिवस पडला-धडपडला, आणि तिसऱ्या दिवशी फाटकाबाहेर गेला होता. तेव्हापासून पुढच्या पाच-सहा वर्षांची माझी एकच आठवण आहे, ती म्हणजे मी त्याच्या मागे आणि तो पुढे.

आम्ही हिंगणघाटला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. नवरा पुलगावला नोकरीला. तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायचा. मी तालुक्यातल्या एका लहान गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका. सासू-सासरे समुद्रपूरकडे शेतीत गुंतलेले, त्यांना तिथून हलता येत नव्हतं. त्यामुळे मुलाला दिवसभर सांभाळायचं कोणी, हा प्रश्न तो तीन वर्षांचा असताना मला ही नोकरी लागली तेव्हा माझ्यापुढे उभा राहिला. शेजारच्या काकू हौसेनं म्हणाल्या, "ठेवा माझ्यापाशी. मले तरी घरी काय काम आहे?"

बाराव्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा काकूंच्या घरापुढे चार बारकी पोरं जमलेली. काकू स्वयंपाकघरात होत्या आणि आमच्या चिरंजीवांनी बाहेरून कडी लावली होती. लावताना लागली, पण काढता येईना. काकू खिडकीतून ओरडत होत्या आणि हा बाहेरून त्यांना धीर देत होता, "रडू नको काकू, आई आली का काढते." मी कडी काढली. काकू बाहेर आल्या, घाम पुसला आणि हात जोडून म्हणाल्या, "मॅडम, लेकरू सोन्यासारखं आहे. पण माझ्याच्यानं होत नाई."

तेव्हापासून मी त्याला सोबत न्यायला लागले.

सकाळची एसटी पकडायची. दप्तर, दोन डबे, पाण्याची बाटली, त्याचा जास्तीचा एक शर्ट आणि तो. खिडकीजवळ बसला की प्रश्न सुरू. ते झाड काऊन वाकडं आहे? म्हशी रस्त्यात काऊन बसतात? ड्रायव्हरकाका मागं काऊन पाहत नाई? शाळेत वर्गात मी प्रमाण भाषा बोलायचे, पण त्याच्या तोंडी सगळं गावाचं बोलणं बसलं होतं आणि त्यात 'का'च्या जागी 'काऊन' सगळ्यात आधी. एक म्हातारे बुवा रोज आमच्या मागच्या सीटवर असायचे. ते शेवटी म्हणाले, "बाप्पा, इतके प्रश्न तर मले जिंदगीत पडले नाई."

शाळा दोन खोल्यांची. चार वर्ग, मी आणि मुख्याध्यापक असे दोनच शिक्षक. सर शांत स्वभावाचे होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, अंगणवाडीत बसवत जा त्याला. तुम्हालाही शिकवता येईल." अंगणवाडी शाळेच्या आवारातच होती. पण तो तिथे अर्धा तास टिकायचा. मग माझ्या वर्गाच्या दारात उभा. "आई, आत येऊ?" आत आला की पहिलीच्या पोरांमध्ये बसायचा, त्यांच्याआधी उत्तरं द्यायचा आणि ती चुकीची असायची.

तो मला आई म्हणायचा, म्हणून आठ-पंधरा दिवसांत एका मुलीनं उठून विचारलं, "आई, पाणी प्यायला जाऊ?" सगळा वर्ग हसला. ती बिचारी लाजून खाली बसली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं-तिघं चुकली. पुढे मी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

मला तेव्हा लाज एकाच गोष्टीची वाटायची. सत्तर पोरं मी नुसत्या नजरेनं गप्प बसवायचे, आणि माझं स्वतःचं एक मला आवरत नव्हतं. गावातल्या बाया सहज म्हणायच्या, "मॅडमचा पोट्टा लय चलाख आहे." त्यात कौतुकच असायचं, पण मला ते टोमण्यासारखं लागायचं. मी थकलेली होते. घरी येऊन पुन्हा स्वयंपाक, धुणी, आणि बोलायला मोठं माणूस कोणी नाही. आता मागे वळून पाहिलं की ते दिवस सोन्याचे वाटतात, पण तेव्हा मी शनिवारची वाट पाहायचे, हे खरं आहे.

तो चार वर्षांचा असताना, जानेवारीत, शाळेची तपासणी लागली. साहेब अकराला येणार होते. मी आणि सरांनी चार दिवस खपून सगळी रजिस्टरं पूर्ण केली होती. हजेरी, पोषण आहार, पुस्तक वाटप, सगळं टेबलावर नीट रचून ठेवलं. सर फळ्यावर स्वागताची ओळ लिहीत होते आणि मी अंगणात मुलांच्या रांगा लावत होते. आमचं रत्न कुठे आहे याकडे माझं लक्ष नव्हतं.

रांगेत पहिलीची पोरं आली तेव्हा मला दिसलं. एकेकाच्या कपाळावर जांभळा गोल. शाळेचा शिक्का! नीट वाचताही येत होतं, गावाचं नाव, तालुका, जिल्हा. मी ऑफिसात धावले. हा टेबलावर मांडी घालून बसलेला, शाईचा पॅड मांडीवर, आणि हजेरीच्या रजिस्टरच्या पानापानावर शिक्के मारणं चालू. रजिस्टरच कशाला, कॅलेंडरवर, टेबलाच्या फळीवर, स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांवर. मला पाहून तो आनंदानं म्हणाला, "आई, सगळं झालं. तुझं काम करून टाकलं."

मी त्याला दंडाला धरून खाली ओढलं. ओढत व्हरांड्यात आणलं. माझी प्रमाण भाषा कुठल्या कुठे गेली. "जा!" मी ओरडले. "जा इथून. आज मले दिसू नको!"

एरवी तो 'काऊन' म्हणाला असता. त्या दिवशी नाही म्हणाला. माझ्याकडे पाहत उभा राहिला, मग वळला आणि फाटकाकडे गेला. मला वाटलं अंगणवाडीत जाईल. तेवढ्यात साहेबांची मोटारसायकल आली.

तपासणी चांगली झाली. साहेबांनी पोरांची कपाळं पाहिली, रजिस्टर उघडलं, सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खरं काय ते सांगितलं. ते हसायला लागले. म्हणाले, "चला, ही पोरं याच शाळेची आहेत याचा पुरावा तरी आहे." कागदांवर दोन-तीन शेरे मारून ते दीडच्या सुमारास गेले. सर खुर्चीत टेकले. मला इतकं हलकं वाटलं की मी पोरांबरोबर खिचडी खायला बसले.

खिचडी करणारी बाई वाढता वाढता म्हणाली, "मॅडम, बारका नाई आला जेवायले?"

मी अंगणवाडीत गेले. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "आज तो आलाच नाही सकाळपासून. मला वाटलं तुमच्यापाशी आहे."

मी शाळेच्या मागे पाहिलं, संडासात पाहिलं, पाण्याच्या टाकीत वाकून पाहिलं. सरांनी चौथीची मोठी पोरं गावात पिटाळली. कापूस वेचायचे दिवस होते, गाव जवळजवळ रिकामं. घरांना कड्या. मी हाका मारत गल्लीतून धावत होते. दुसरीतला एक मुलगा समोरून आला आणि म्हणाला, "मॅडम, तो विहिरीकडे गेलता. मी पाह्यलं."

गावाबाहेर, शाळेच्या वावराला लागून एक जुनी विहीर होती. तिचा एका बाजूचा कठडा पडलेला. तिथवर मी कशी पोचले ते आठवत नाही. वाकले तेव्हा आतून पारव्यांचा थवा फडफडत वर आला. खाली हिरवं पाणी, एकदम स्थिर. मी त्या पाण्याकडे पाहत होते आणि डोक्यात माझंच वाक्य फिरत होतं.

शेजारच्या वावरातून एक माणूस धावत आला. पन्नाशीचा असेल, डोक्याला दुपट्टा. त्यानं मला काही विचारलं नाही. शर्ट काढला, दगडांच्या खाचांत पाय रोवत खाली उतरला आणि पाण्यात बुडी मारली. वर आला, मान हलवली. पुन्हा बुडी. पुन्हा वर. सर मला दोन्ही खांद्यांना धरून उभे होते. तिसऱ्यांदा तो बराच वेळ वर आला नाही. मी मोजत होते की देवाला काही म्हणत होते, कोण जाणे.

तो वर आला आणि ओरडला, "काहीच नाई! खाली गाळ आहे नुसता!"

त्याच वेळी गावाकडून एका बाईची हाक आली. "अवो मॅडम! इथं आहे तुमचा! झोपून राह्यला!"

मारुतीच्या देवळामागे एक घर होतं. त्यांनी पुढच्या खोलीत छातीइतका कापूस भरून ठेवला होता, भाव चढेपर्यंत बहुतेक घरांत असाच असायचा. घरची सून वावरातून वेचणी घेऊन आली. गाठोडं कापसावर रिकामं करणार, तर तिला कापसातून निघालेला एक लहान पाय दिसला. ती आधी घाबरलीच. मग तिनं गुडघ्यावरचा शिक्का पाहिला आणि ओळखलं.

मी आत गेले. तो कापसात गळ्यापर्यंत रुतून गाढ झोपला होता. केसांत, पापण्यांवर, ओठांवर कापूस. मानेवर खाजवून लाल वळ उठलेले. मी त्याला उपसून काढलं आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. जोरात घातला. ती सून पुढे आली, "मारू नका वो, सापडला ना."

तो जागा झाला. रडला नाही. झोपेनं जड झालेले डोळे माझ्याकडे करून त्यानं विचारलं, "आई, आता दिसू का?"

मी तिथेच, त्या कापसात खाली बसले.

मागाहून सगळं कळलं. मी दिसू नको म्हटल्यावर तो आधी विहिरीच्या बाजूनं गेला, पण तिथून शाळा दिसत होती. शाळा दिसते म्हणजे आईला आपणही दिसू, असा त्याचा हिशेब. म्हणून तो गावात गेला, आणि दार नुसतं लोटलेली ही खोली त्याला सापडली. सकाळपासून तो तिथे होता. भूक लागली तरी बाहेर आला नाही, कारण मी 'आज' म्हणाले होते, आणि आज संपलेला नव्हता.

विहिरीत उतरलेला माणूस ओल्या अंगानं अंगणात उभा होता. मी त्याच्यापुढे हात जोडले. तो म्हणाला, "राहू द्या मॅडम. पोट्टा तिथं नव्हता हे चांगलं झालं. पाणी लय थंडं होतं." आणि हसला. सुनेनं चहा ठेवला. मुलाला तिनं गूळ आणि शेंगदाणे दिले, ते त्यानं सगळ्यांच्या देखत, काहीच घडलं नाही अशा थाटात खाल्ले.

शनिवारी नवरा आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, माझं वाक्यसुद्धा. रविवारी सकाळी तो एकटाच मोटारसायकल घेऊन त्या गावाला गेला. दुपट्टा आणि नारळ देऊन त्या माणसाच्या पाया पडला, असं मला सोमवारी सरांकडून कळलं. नवऱ्यानं स्वतः कधी सांगितलं नाही.

त्या दिवसानंतर मुलगा सुधारला असं काही झालं नाही. फक्त एक नवी सवय लागली. गावात कुठेही असला तरी मध्येच पळत वर्गाच्या दाराशी यायचा, म्हणायचा, "आई, मी इथंच आहो," आणि पुन्हा पळायचा. शिकवताना मी नुसती मान हलवायचे. कधी यायला उशीर झाला तर माझा खडू थांबायचा, आणि पोरांनाही ते कळायचं. एखादं पोर खिडकीतून पाहून सांगायचं, "आहे मॅडम, हातपंपापाशी आहे." हे वर्षभर चाललं. मग कधीतरी बंद झालं. कोणत्या दिवशी बंद झालं, ते मी लक्षात ठेवायला हवं होतं.

तो सहा वर्षांचा झाला तेव्हा माझी बदली झाली आणि तो शहरातल्या शाळेत जायला लागला. आठवी-नववीपासून बोलणं कमी झालं. आता हैदराबादला नोकरी करतो. उंच आहे, सावकाश चालतो. फोनवर "हाव", "नाई", "जेवलो" एवढंच.

गेल्या दिवाळीत तो आला होता. फराळ करताना मी त्याला पहिल्यांदाच हा सगळा प्रसंग सांगितला. त्यानं करंजी ताटात ठेवली आणि मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "मले यातलं काहीच आठवत नाई, आई."

"काहीच नाही? शिक्के? कापूस?"

"नाई. मले ती बकरी आठवते."

"कोणती बकरी?"

"खडू खायची ती. काळी होती, एक कान फाटका. तू वर्गात शिकवायची आणि ती मागच्या दारातून यायची. मी तिला रोज एक खडू द्यायचो." त्यानं हातानं बकरीची उंची दाखवली. किती तरी वर्षांनी तो एका दमात एवढं बोलला होता. बकरीचं पिल्लू, पिल्लाचा रंग, ती बांधलेली असायची ते बाभळीचं झाड, सगळं.

मला अशी कुठलीच बकरी आठवेना. तो गेल्यावर दोन दिवसांनी मी न राहवून सरांना फोन लावला. आता ते ऐंशीच्या घरात आहेत, वर्ध्याला मुलाकडे राहतात. मी विचारलं, "सर, आपल्या शाळेत एक काळी बकरी यायची का?"

"यायची ना," सर म्हणाले. "म्हणून तर आपले खडू पुरत नव्हते. तुम्हाला माहीत नव्हतं?"