पॅनलवरचा झेंडूचा हार

मी आज जो काही आहे तो माझ्या मामीमुळे. ती वलगावला फुलं पिकवते आणि अमरावतीच्या बाजारात विकते. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. अभियांत्रिकीची सगळी वर्षं मी तिच्याच घरी राहून काढली.

म्हणून माझं पहिलं सौर तोरण अकोल्यातल्या एका नव्या घराच्या दारावर लागलं, तेव्हा तिला आग्रहाने नेलं. शेवंतीच्या आकाराचे पत्र्याचे दिवे मीच कापले होते. पाकळ्यांच्या फटींतून भिंतीवर अशी नक्षी पडायची की मी एकटाच हसत बसायचो! पॅनल गच्चीच्या कठड्यावर होतं. घरमालकीण काकूंकडे त्या दिवशी वास्तुशांत होती. "संध्याकाळी पाहुण्यांसमोर नीट लागू दे, मग आमच्या कॉलनीतली आणखी कामं तुलाच," त्या म्हणाल्या होत्या.

भर दुपारी पंगत बसलेली असताना तोरण लखकन लागलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पॅनलवर अंधार पडला तरच दिवे लागतात. धावत गच्चीवर गेलो. काचेवर हळदीकुंकवाची बोटं, त्यावर झेंडूचा जाडजूड हार, आणि समोर हात जोडून मामी.

"तुयी पयली मशीन. पूजा नको कराले?"

बॅटरी अशीच उतरत राहिली तर संध्याकाळी काळोख. पण तिने घातलेला हार काढायला माझा हात उचलेना.

"काहून रे, दिवे लागले अन् तोंड काहून पाडलं?"

मी सांगितलं.

"मंग बोलावं ना बाप्पा! मुका झाला काय?" तिने स्वतःच हार उतरवला, पदर ओला करून काच लख्ख पुसली. "खाऊ दे त्याले पोटभर ऊन."

दिवस मावळला आणि दारावरची सगळी शेवंती एकदम फुलली. "अगं बाई!" काकू म्हणाल्या. मामी दिसेल त्याला सांगत सुटली, "भाचा हाय माया!"

फोनवर बाजाराच्या गलक्यात ती नुसतं "हो हो" म्हणते, म्हणून पुढच्याच आठवड्यात पत्र लिहिलं:

"मामी, पाया पडतो. कॉलनीतल्या दोन घरांचं काम मिळालं! पॅनलची नवी चौकट कागदावर काढली आहे. काचेभोवती रुंद पितळी पट्टी, हळदीकुंकू तिच्यावर लावायचं. खाली दोन हुक, हार तिथून लोंबेल, ऊन अडणार नाही. नवी वस्तू घरात आली की तिची पूजा होणारच, हे माझ्या चित्रात नव्हतं. आता आहे. पहिला हार तुझ्याच हातचा हवा. तू ओवतेस तो केवढा लांब असतो, तेवढं मोजून कळव. हुक त्याच मापाने लावतो."