नरहर गोवंडे यांची जांभई

चहा बशीत ओततात, पण पितात कपातून. बशीतला बायकोचा, उषाकाकूंचा. बंद डबा दिसला की आधी बोटाच्या पेराने टकटक करून ऐकतात, मग उघडतात. डोक्याला दिवसातून दोनदा तेल. नवीन माणसाला गाव विचारत नाहीत, रक्तदाब विचारतात. पायात बारा महिने अंगठ्याची कोल्हापुरी, लग्नात, स्मशानात, पचमढीच्या चढणीवरसुद्धा. आणि जांभई आली की तोंडासमोर चुटकी वाजवतात. एका जांभईला तीन चुटक्या.

नरहरकाका अडुसष्ट वर्षांचे आहेत. मूळचे ग्वाल्हेरचे. भोपाळच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं टाक्या तपासल्या. टाकीत पाणी भरायचं, दाब वाढवत न्यायचा आणि टाकी फुटते का ते बघायचं. चौतीस वर्षांत एकही फुटली नाही, हे सांगताना ते जरा खट्टू होतात.

भोपाळमध्येच, कोटरा सुल्तानाबादला ते आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मी एम.ए. करत होते तेव्हा आमची दोस्ती झाली. मला ते ‘साहित्य’ अशी हाक मारतात.

जानेवारीत नव्या चपलेचा पट्टा उजव्या अंगठ्याला लागला. साखर जुनीच होती. मार्च आला तरी जखम भरेना. कोलार रोडच्या हॉस्पिटलात डॉक्टर वंदना मॅडमनी तपासलं आणि वीस वेळा ऑक्सिजन चेंबरमध्ये जायला सांगितलं. तरीही जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल, म्हणाल्या.

“दुसरं कुठलं बोट नाही का चालणार?” काकांनी हिंदीत विचारलं.

“घाव अंगूठे में है, अंकल.”

“अंगठा गेला तर चप्पल कशात अडकवू?”

“जूते पहनिए.”



चेंबर म्हणजे काचेची आडवी नळी. माणूस झोपेल एवढी. झाकण लागलं की आत शुद्ध ऑक्सिजन आणि बाहेरच्यापेक्षा दुप्पट दाब. रक्त जिथे प्राणवायू पोचवायला कुचराई करतं, तिथेही मग तो पोचतो. एका वेळी दीड तास.

“म्हणजे कुकर,” उषाकाकू म्हणाल्या.

“कुकर नाही गं. कुकरमध्ये वाफ असते.”

“बरं. शिट्ट्या किती?”

काकूंना स्कूटर येत नाही. माझं शिक्षण झालेलं होतं आणि नोकरी नव्हती. न्यायचं-आणायचं काम मला मिळालं.

पहिल्या दिवशी काकांनी नळीला तीन ठिकाणी टकटक केली. कान लावला. मग चेंबर चालवणाऱ्या अमितकडे शेवटच्या तपासणीचा दाखला मागितला.

“अंकल, मशीन बिल्कुल नई है.”

“नई वाली ही फटती है, बेटा.”

बाहेर बाकावर तीन पेशंट बसले होते. त्यातल्या एकाला काही तरी काम आठवलं.

आत जाण्याचे नियम कडक होते. ऑक्सिजनमध्ये ठिणगीला निमित्त नको. म्हणून मोबाइल नाही, घड्याळ नाही, टेरिकॉट नाही. केसांना तेल नाही. यावर पंधरा मिनिटं वाद झाला. काका हरले आणि साबणाने डोकं धुऊन आले. साठ वर्षांनी केस मोकळे झाले होते. ते चहूबाजूंनी उभे राहिले. मी बघतच राहिले.

कानातलं यंत्रही बाहेर ठेवायचं होतं, कारण त्यात बॅटरी. यंत्राशिवाय काकांना तोफ ऐकू येत नाही. चेंबरमध्ये बोलायला माइक आहे, त्याचा उपयोग संपला. म्हणून अमितने खुणा ठरवल्या. अंगठा वर केला तर सगळं ठीक. तोंडासमोर हात हलवला तर जीव घुसमटतोय, बाहेर काढा. आणि दाब वाढताना कान बंद होतील, तेव्हा थुंकी गिळायची नाही तर जांभई द्यायची.

मी बाहेर बसले. दीड तासाचं पुस्तक आणलं होतं. पंचवीस मिनिटांत काका बाहेर आले.

“झालं?”

“झालं. एकदम सही.”

दुसऱ्या दिवशी चोवीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी वीस. काकांनी संध्याकाळी जिन्यात सगळ्यांना गाठून सांगितलं, की ज्याला लोकांना दीड तास लागतो ते त्यांचं शरीर वीस मिनिटांत उरकतं. दाबाची सवय आहे ना. चौतीस वर्षांची.

“मग अंगठा का तसाच काळा?” काकूंनी विचारलं.

“आतून भरतोय.”

चौथ्या दिवशी मॅडमनी मला आत बोलावलं. रजिस्टर पुढे सरकवलं. चारही दिवसांपुढे एकच ओळ होती: मरीज घबरा गए, सेशन रोका गया. मॅडम म्हणाल्या की एकही सेशन पूर्ण झालेलं नाही. इतकी भीती असेल तर जबरदस्ती नको. आठवडा वाया घालवण्यापेक्षा ऑपरेशनची तारीख घेऊ.

माझ्या शेजारी बसलेल्या काकांनी यंत्र कानात बसवलं आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं.

“कोण घाबरलं?”

“आप, अंकल,” अमित म्हणाला. “रोज़ हाथ हिलाते हैं. मैं भी डर जाता हूँ.”

“मी? दाबाला? मी?” काका उभे राहिले. केस उभे होतेच.

मी मॅडमकडे एक दिवस मागितला. फक्त उद्याचा. त्यांनी दिला, तारीख मात्र शुक्रवारची लिहून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी अमितच्या शेजारी उभी राहिले. झाकण लागलं. काटा हळूहळू चढू लागला. काकांनी गिळून पाहिलं. डोळे मिटले, तोंड उघडलं. भलीमोठी जांभई. आणि तोंडासमोर हात. एक, दोन, तीन.

“देखा?” अमितने हात बटणाकडे नेला. “घबरा गए.”

मी त्याचा हात धरला. बाईमाणसाने असा हात धरल्याने तो थोडा घाबरला.

“चुटकी आहे ती! जांभईची चुटकी!”

“मतलब?”

मतलब सांगायला मला एम.ए.चा काही उपयोग झाला नाही. जांभई देताना आमच्याकडे चुटकी वाजवतात. का? वाजवतात. तोंडात काही शिरू नये म्हणून. काय शिरतं? ते कुणी पाहिलेलं नाही.

“तो ये चार दिन से उबासी ले रहे थे?”

“तूच घ्यायला सांगितलीस.”

आत काकांनी दुसरी जांभई दिली. तीन चुटक्या. मग अंगठा वर. काटा चढत राहिला. त्या दिवशी ते दीड तास आत राहिले. बाहेर आल्यावर अमितने यंत्र त्यांच्या हातात दिलं आणि हात जोडून विनंती केली की उद्यापासून चुटकीशिवाय जांभई द्या.

काका खरोखर प्रयत्न करायला तयार झाले. संध्याकाळी घरी सराव झाला. काकूंनी त्यांचे दोन्ही हात उशीखाली दाबून धरले. जांभई अर्ध्यात अडकली. जबडा उघडा राहिला.

“सोड,” काका तोंड न मिटता म्हणाले. काकूंनी हात सोडले. तीन चुटक्या वाजल्या, मग तोंड मिटलं.

“साठ वर्षांची सवय,” काका म्हणाले. “आईने लावलेली. तिच्यासमोर चुटकी चुकली तर ती वाजवायची.”

शेवटी अमितच शिकला. आत जांभई आली की बाहेर काचेशी तो तीन चुटक्या वाजवायचा, म्हणजे समजलं. पण जांभई पसरते. आठवडाभरात अमित जांभया देऊ लागला, चुटकीसकट. मग बाकावरचे पेशंट. एकदा मी मॅडमना रजिस्टरवर सही करताना पाहिलं. उजव्या हातात पेन होतं, म्हणून त्यांनी डाव्या हाताने वाजवली.

शुक्रवार गेला. ऑपरेशन झालं नाही. पहिली चार मोजायची नाहीत, असं मॅडम म्हणाल्या. त्यांच्याशिवाय वीस पूर्ण झाली. जखमेच्या कडा आधी गुलाबी झाल्या, मग ती आत आत भरत गेली. नख गेलं. अंगठा राहिला.

शेवटच्या दिवशी परतताना जवाहर चौकाच्या सिग्नलला काका मागून म्हणाले, “साहित्य, एक सांगू? घरी बोलू नकोस.”

“बोला.”

“त्या चार दिवसांत पहिल्या दिवशी ती जांभई नव्हती.”

मी मागे वळून पाहिलं. सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्याने भोंगा वाजवला.

“झाकण लागलं आणि मला कळलं, की आजवर मी नेहमी बाहेर उभा होतो,” काका म्हणाले. “चल, चल. हिरवा झाला.”

अमितने त्यांना एक काम दिलं होतं. बैतूल, बऱ्हाणपूरकडचे मराठी पेशंट येतात, त्यांच्यासाठी खुणांचा कागद मराठीत लिहून द्या. काकांनी कारखान्याच्या सवयीने पट्टीने रेघा आखल्या आणि ठळक अक्षरांत सुरुवात केली. कागद आजही चेंबरशेजारी भिंतीवर आहे, तेवढाच.

१. अंगठा वर : सर्व ठीक.

२. तोंडासमोर चुटकी : जांभई. दाब कमी करू नये.

३. भीती वाटल्यास :

अमित दर सोमवारी फोन करतो. काका म्हणतात, विचार करून राहिलोय.