अजून बारीक करा

शेवग्याचा वाळका पाला दळताना वास उठला की माझं डोकं आजही फिरतं. पाल्याची पूड औषधी म्हणून विकणारे एक साहेब हिंजवडीहून चिखलीत माझ्या गिरणीवर आले होते. मी दळलेली भुकटी किती बारीक ते गालाला चोळून बघत म्हणाले, "भाऊ, अजून बारीक करा. बारीक तेवढे अँटिऑक्सिडंट जास्त." मी म्हणालो, "खरंय राव, पण एका हद्दीपर्यंत. पुढं यंत्र तापतं, पाला करपतो, गुण जातो." "तुम्ही फक्त दळा, गुणाचं आम्ही बघतो!" मी भडकलो, दर वाढवून घेतला आणि सगळा माल न थांबता पुन्हा दोनदा दळला. भुकटी मैद्यासारखी झाली, पण तपकिरी. तपासणीत गुण घटलेला निघाला आणि माल माझ्याच दारात परत आला. चूक त्यांचीच, हे मी अजून भांडून सांगतो; मधे यंत्र थंड करता आलं असतं, हे मात्र सांगत नाही.