शिक्का नाही, तर माहिती नाही!

मंडळी, आज आमच्या साहेबांनी एक शोध लावला. ज्यावर शिक्का नाही, ते ज्ञानच नाही!

मी आदिलाबादच्या एका दवाखान्यात ग्रंथपाल आहे. कपाशीच्या फवारणीत विषबाधा झालेले लोक सध्या सारखे येतात. म्हणून इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली असलेली प्रथमोपचाराची माहिती शोधली, डॉक्टरांकडून तपासून घेतली आणि मराठी-तेलुगूत एका कागदावर लिहून लायब्ररीच्या दारावर लावली.

साहेब आले. "याचा रजिस्टर नंबर?"

"नाही सर, हे फुकट मिळते."

"मंग फुकटचं काऊन लावून राह्यले?" म्हणत त्यांनी कागद टराटरा फाडला.

साहेबांच्या लाडक्या काचेच्या कपाटात महागडी पुस्तकं आहेत. सगळ्यांवर शिक्के, किल्ली साहेबांच्या खिशात. एकाचंही पान अजून कोणी उलटलेलं नाही.

दुपारी वॉर्डात गेलो. भीमपूरच्या नर्सबाईंनी कचऱ्यातले तुकडे चिकटपट्टीनं जोडले होते. एका पेशंटच्या बायकोला वाचून दाखवत होत्या, "आधी फवारणीचे कपडे काढाचे, आंग साबनानं धुवाचं, फवारणीच्या औषधाचा डबा दवाखान्यात संग आनाचा."

सांगा, लायब्ररी कोणती? ते कपाट की हा कागद?

साहेब, कुलूप मात्र पक्कं लावत जा. आत कोणाच्या कामाचं काही नाही, हे बाहेर कळायला नको.